गट ठरवण्याआधी उत्तरपत्रिका उघडा

मे महिन्यात तमिळनाडूत दहावीचा निकाल लागतो आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांत दोन हिशेब एकदमच सुरू होतात. मेट्टूर धरणाचे पाणी शिरस्त्याप्रमाणे १२ जूनला सुटणार का, कुरुवै भाताचा हंगाम साधेल की थेट सांबाची वाट पाहायची, हा एक. मुलाने प्लस वनला, म्हणजे अकरावीला, कोणता ‘ग्रुप’ घ्यायचा, हा दुसरा. पहिल्या हिशेबात ओरत्तनाडूचा काय किंवा पापनाशमचा काय, शेतकरी कमालीचा सावध असतो. पाणी किती, जमीन कसली, वाण किती दिवसांचे, हे पाहिल्याशिवाय तो बी टाकत नाही. दुसऱ्या हिशेबात तोच माणूस एका आकड्यावर भिस्त ठेवतो : पाचशेपैकी मिळालेले गुण. भरपूर असतील तर फर्स्ट ग्रुप, म्हणजे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. मध्यम असतील तर कॉमर्स. पस्तिसाचा उंबरठा कसाबसा ओलांडला असेल तर आर्ट्स किंवा व्होकेशनल. ही उतरंड शाळेनेही मान्य केलेली, पालकांनीही, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे मुलानेही. ती चुकीची आहे आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलाचे तिने सर्वांत जास्त नुकसान होते, असे माझे म्हणणे आहे. महाराष्ट्रात दहावीनंतर सायन्स-कॉमर्स-आर्ट्सची अशीच उतरंड आहे, त्यामुळे तंजावरचे हे दुखणे मराठी वाचकाला परके वाटायचे कारण नाही.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. शाळा म्हणते, जागा मोजक्या आहेत, अर्ज जास्त आहेत. गुण हे एकच माप असे आहे की ज्यात ओळख, जात, वशिला शिरत नाही. ते माप सोडले तर मुख्याध्यापकाच्या मर्जीवर मुलांचे भवितव्य ठरेल. हे खरे आहे, आणि जागावाटपापुरते मला ते मान्य आहे. पण दोन मुलांपैकी जागा कुणाला द्यायची, हा एक प्रश्न झाला. या एका मुलाने काय शिकावे, हा अगदी निराळा प्रश्न झाला. गुण पहिल्याचे उत्तर देतात. दुसऱ्याचे ते देऊच शकत नाहीत, कारण मूल कुठे उभे आहे एवढेच त्यांतून कळते, ते तिथे का थांबले हे कळत नाही. गणितात बेचाळीस गुण मिळवलेली तीन मुले घ्या. एकाला अवयव पाडण्याची रीत समजली आहे, पण अपूर्णांक आणि ऋण चिन्हे यांत तो दर वेळी घसरतो. दुसऱ्याला आकडेमोड उत्तम येते, पण शाब्दिक उदाहरण इंग्रजीत आले की त्यात नेमके काय विचारले आहे तेच उमगत नाही. तिसऱ्याला दोन्ही जमते, पण वर्षातले दोन महिने घरातल्या आजारपणामुळे बुडाले. गुणपत्रिकेवर तिघेही बेचाळीस. उतरंडीच्या न्यायाने तिघांना एकच गट मिळतो, आणि तो तिघांपैकी कदाचित एकालाही लागू पडत नाही.

अडचण दहावीच्या अभ्यासात दिसते, पण तिचे मूळ बहुधा तिथे नसते. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालाने चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलांची पाहणी केली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले, सुमारे ४३ टक्क्यांना. दुसरीच्या पातळीचा उतारा स्वतःच्या भाषेत अस्खलित वाचणे सुमारे चौथ्या हिश्शाला जमले नाही. हे आकडे देशभरच्या निवडक जिल्ह्यांचे आहेत, तंजावरचे नव्हेत. पण ते बोट कुठे दाखवतात ते पाहा. त्यात तमिळनाडूच्या शाळांचे वेळापत्रक मिळवा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्या पहिली ते आठवीसाठी १ नोव्हेंबर २०२१ ला उघडल्या. २०२५-२६ मध्ये जे मूल दहावीत बसले, त्याची पाचवी सबंध घरी गेली आणि सहावीचाही मोठा भाग. अपूर्णांक, दशांश, लांब भागाकार पक्के होण्याची नेमकी हीच वर्षे. ‘इल्लम तेडि कल्वी’ या योजनेतून स्वयंसेवकांनी वस्त्यांवर जाऊन वर्ग घेतले, ते काम मोलाचे होते. पण संध्याकाळच्या वर्गाने दीड वर्ष पुरते भरून निघत नाही. डेल्टात याआधीही शाळा अशा तुटल्या आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै-पेरावूरणीकडच्या नारळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा कित्येक घरांची घडी विस्कटली. अशा मुलाला पाच वर्षांनी ‘तुझे डोके गणिताचे नाही’ असे सांगणे म्हणजे पाटात पाणी सोडायचे राहिले आणि दोष बियाण्याला दिला, असे आहे.

तेव्हा मंडन असे : गट ठरवण्याआधी अडकण्याची जागा शोधा. त्यासाठी तज्ज्ञ लागतोच असे नाही. तिमाही आणि सहामाही परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलाकडे परत आलेल्या असतात. त्या काढा आणि मुलाला शेजारी बसवून वाचा. कोरा सोडलेला प्रश्न, सुरू करून मध्येच टाकलेला प्रश्न आणि पूर्ण लिहूनही चुकलेला प्रश्न, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरे प्रश्न एकाच धड्याचे असतील तर तो धडा शिकायचा राहिला आहे, विषय नव्हे. मध्येच टाकलेले प्रश्न बहुधा एकाच पायरीवर सुटलेले दिसतील, आणि ती पायरी बहुतेक वेळा दोन-तीन इयत्ता मागची निघेल. पूर्ण लिहून चुकलेल्या उत्तरांत समज असते, काटेकोरपणा नसतो. मग तोच प्रश्न तोंडी, घरच्या भाषेत विचारा. तोंडी सांगता आले आणि लिहिता आले नाही, तर दुखणे भाषेचे. अडचण दोन-तीन महिन्यांत दुरुस्त होण्यासारखी असेल तर तिच्यापायी आवडता विषय सोडणे हा अन्याय आहे. ती खोल असेल, आणि मुलाला त्या विषयाची ओढही नसेल, तर तो सोडणे शहाणपणाचे. दोन्ही निर्णय आदराने घेता येतात. ‘तुला झेपणार नाही’ हे वाक्य मात्र दोन्हींत बसत नाही.

भाषेचा मुद्दा इथे जरा रेंगाळून पाहण्यासारखा आहे, कारण ग्रुपच्या गडबडीत माध्यमाची निवड लपून राहते. दहावीपर्यंत तमिळ माध्यमात शिकलेले मूल प्लस वनला इंग्रजी माध्यमात घातले जाते, ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून. कच्च्या मुलावर नवे विषय आणि नवी भाषा एकाच जूनमध्ये कोसळतात. त्याची किंमत केवळ गुणांत मोजायची नसते. तमिळनाडूच्या २०१० च्या कायद्याने राज्याच्या नोकऱ्यांत तमिळ माध्यमातून शिकलेल्यांसाठी वीस टक्के प्राधान्य ठेवले, आणि २०२० च्या दुरुस्तीने शालेय वर्षांपासून माध्यम तमिळच असण्याची अट घातली. म्हणजे दार उघडायला म्हणून बदललेले माध्यम दुसरे दार लावून घेते, आणि हे दहावीच्या पालकाला क्वचितच कुणी सांगते. काही तंजावरी मराठी घरांत गुंता आणखी एका पदराचा : आजीशी मराठी, गल्लीत तमिळ, पुस्तकात इंग्रजी. सरफोजीराजांच्या काळात याच शहरात १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टी मराठीत करून ‘बालबोधमुक्तावली’ देवनागरी ठशांनी छापली गेली. लहानांच्या हाती त्यांना समजेल त्या भाषेतले पुस्तक द्यावे, ही जाण इथल्या राजवाड्याला दोनशे वर्षांपूर्वी होती. आज तंजावरच्या मराठी मुलाला मराठी पाठ्यपुस्तक मिळावे असे मी म्हणत नाही, त्याची समजुतीची भाषा आता बहुधा तमिळच आहे. पण ती कोणती, हे विचारल्याशिवाय माध्यम ठरवू नये, एवढे तरी या शहराच्या इतिहासाने शिकवावे.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप येतो तो असा : फर्स्ट ग्रुप घेतला की सगळी दारे उघडी राहतात, मग कसेही करून तोच का घेऊ नये? या तर्कातली चूक हिशेब मांडला की दिसते. तमिळनाडूत अभियांत्रिकीचा प्रवेश दोनशेच्या कटऑफवर होतो : गणिताचे शंभर, भौतिकशास्त्राचे पन्नास, रसायनशास्त्राचे पन्नास. तिन्ही विषयांत शेकडा चाळीसवर रखडलेल्या मुलाचा कटऑफ ऐंशी. या मुलाच्या गटाने दार उघडे ठेवले असेल, पण आत मागणी असलेल्या जागा आधीच गेलेल्या असतात. वैद्यकीय प्रवेश तर २०१७ पासून नीटवर ठरतो. सरकारी शाळांतल्या मुलांसाठी २०२० पासून साडेसात टक्के जागा राखीव झाल्या, हे चांगलेच झाले, तरी नीटची गुणवत्ता यादी चुकत नाही. दारे विषयांच्या नावाने उघडत नाहीत. दहावीनंतर पॉलिटेक्निक आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी, ही आडवाट आहे, आणि हाताने शिकणाऱ्या मुलाला ती हमरस्त्यापेक्षा जवळची पडते. शिवाय सोळाव्या वर्षीचा निर्णय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हेही खरे नाही. कुंभकोणमला जन्मलेले कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन त्रिवेंद्रमला प्राणिशास्त्राचे पदवीधर झाले आणि त्यानंतर कोइंबतूरच्या कृषी महाविद्यालयात गेले.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा : कच्चे मूल आहे, सोपे विषय द्या, पास तर होऊ द्या. यामागे माया आहे, म्हणून तो जास्त जपून तपासला पाहिजे. सोपे कुणाला? ज्याला शेकडेवारी आणि ऋण-धन जमत नाही त्याला अकौंटन्सी सोपी कशी जाईल? ज्याला एक पानभर सलग लिहिताना दम लागतो त्याला इतिहास कसा सोपा? प्लस टूच्या, म्हणजे बारावीच्या, सहाशे गुणांत दोन भाषा आणि चार विषय असतात. चारांपैकी प्रत्येक विषय मुलाकडून वेगळी गोष्ट मागतो, आणि ‘सोपा’ या शब्दाने तो फरकच पुसला जातो. या मायेचा भार मुलींवर जास्त पडतो, असा मला दाट संशय आहे. ‘असर’च्या त्याच पाहणीत अकरावी व पुढे शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्के विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखेत होते, मुलींपैकी सुमारे २८ टक्के. मुलीला जवळच्या शाळेत जो गट आहे तो घ्यायला लावणे आणि मग तिला तेच झेपते असे म्हणणे, हे तिच्या क्षमतेचे मोजमाप नव्हे.

याच मायेने व्होकेशनलची वाट उरलेल्यांची वाट करून टाकली, आणि डेल्टासारख्या प्रदेशात हे मला सर्वांत खटकते. अडुदुरैला भातसंशोधनाची संस्था १९२२ पासून आहे, ओरत्तनाडूला पशुवैद्यकीय महाविद्यालय, ईच्चंगकोट्टैला कृषी महाविद्यालय, तंजावर शहरात अन्नतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था. हजार वर्षे भात पिकवणाऱ्या या मुलखात बारावीचा कृषी विषय नापासांसाठी समजला जावा! जे मूल पाण्याच्या पाळ्या, कीड, जनावरांचे आजार नेमके सांगते आणि कागदावर अडखळते, त्याच्यासाठी तो विषय पहिल्या पसंतीचा असायला हवा. मात्र ती पसंती त्याची हवी. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून कृषी, हा निकष गुणांच्या उतरंडीइतकाच आंधळा आहे, आणि त्याला जातीचाही वास येतो.

कुंभकोणमच्या आसपास असे काही बोलले की कुणीतरी रामानुजन यांचे नाव काढतेच : ते नापास झाले होते, गुणांना काय अर्थ? हे नाव आपल्या बाजूने वापरायचा मोह मी टाळतो. १९०४ मध्ये टाउन हायस्कूलमधून मॅट्रिक होऊन ते शिष्यवृत्तीवर कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गेले, गणितेतर विषयांत मागे पडून शिष्यवृत्ती गमावून बसले, आणि पुढे मद्रासला एफ.ए.च्या परीक्षेत दोनदा अपयशी ठरले. यातून परीक्षा निरर्थक ठरत नाहीत. प्रत्येकाने प्रत्येक विषयात उत्तीर्ण झालेच पाहिजे, या नियमाची किंमत मात्र कळते. आपण सल्ला देतो ते मूल रामानुजन नसते. त्याच्याकडे वहीभर प्रमेये नाहीत, ती ओळखणारा हार्डीसारखा गणिती नाही. त्याला वाचवायला फक्त वेळेवर केलेली विचारपूस आहे. म्हणून त्याच्या बाबतीत निष्काळजीपणा परवडत नाही. गणिताची सक्ती कितपत असावी हा प्रश्न इतरांनाही पडला आहे. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीपासून गणिताच्या दोन पातळ्या केल्या. महाराष्ट्राने सामान्य गणिताचा पर्याय दिला आणि पुढे काढूनही घेतला. पातळ्या असणे मला पटते, पण कोणती घ्यायची हे पुन्हा गुणांच्या धाकानेच ठरणार असेल तर दोन पातळ्यांनी उतरंडीला आणखी एक पायरी तेवढी जोडली जाते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा : पंधरा वर्षांच्या पोराला काय कळते, आणि शिक्षकाला प्रत्येकाची उत्तरपत्रिका वाचत बसायला वेळ कुठे आहे? पोराला नोकऱ्यांचा बाजार कळत नाही, कायदे कळत नाहीत, हे खरे. ते सांगणे मोठ्यांचे काम. पण आपण कुठे अडतो, कोणत्या तासाला पोटात गोळा येतो, कोणता धडा न सांगता पुन्हा वाचला, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसते. त्याला वगळून घेतलेला निर्णय अर्ध्या माहितीवरचा असतो. शिक्षकाला वेळ कमी आहे, हेही मान्य. तरी २०१८ पासूनची प्लस वनची सार्वजनिक परीक्षा २०२५ च्या राज्य शिक्षण धोरणाने काढून टाकली, त्यामुळे एक वर्ष मोकळे झाले आहे. बऱ्याच शाळा ते लगेच बारावीच्या अभ्यासक्रमाने भरून टाकतील. त्यातले पहिले तीन महिने कच्च्या मुलांना मागच्या इयत्तांचा भागाकार, अपूर्णांक आणि वाचन शिकवण्यासाठी राखता येतील, आणि तोवर गट बदलण्याची मुभा खुली ठेवता येईल. निकाल आणि प्रवेश यांच्या मध्ये जे थोडके दिवस मिळतात त्यांतल्या दोन संध्याकाळी उत्तरपत्रिकांसाठी पुरतात. ज्या घरात वाचता येणारे कुणी नाही, तिथे त्या संध्याकाळी गावातल्या शाळेने, वाचनालयाने, वरच्या वर्गातल्या मुलांनी द्याव्यात. सहामाहीच्या त्या उत्तरपत्रिका शाळेने निकालापर्यंत जपून ठेवाव्यात, म्हणजे मे महिन्यात त्या रद्दीत गेलेल्या नसतील.