जुगाड बुशात करा, फ्रेमला हात लावू नका

आज पिकाचं नाही, सायकलीचं. पुतण्याच्या माउंटन बाइकचा मागचा शॉकअप गेला. त्या मापाचा नवा मिळेना, जुन्यात एक मिळाला. सल्ले लगेच आले. एक म्हणाला, ग्राइंडर मारून फ्रेमचे कान रुंद कर. दुसरा म्हणाला, वेल्डिंगनं पट्टी जोड. माझं स्पष्ट मत, दोन्ही नको.

कॅटेगरी १ चं अवजार मोठ्या ट्रॅक्टरला जोडताना आपण काय करतो? अवजाराची पिन २२ मिमी, खालच्या लिंकच्या बॉलचं भोक २८ मिमी. मग पिनेवर बुश चढवतो. लिंक कापत नाही. इथंही तेच.

बोल्टाच्या मध्यापासून दुसऱ्या बोल्टाच्या मध्यापर्यंत दोन्ही शॉकअप २०० मिमी. हे माप जुळलंच पाहिजे, त्यात जुगाड नाही. फ्रेमच्या कानात जागा २२ मिमी आणि मिळालेल्या शॉकअपचे स्पेसर ३० मिमीचे. लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचे नवे स्पेसर करून घेतले. फ्रेमला कानससुद्धा लागली नाही.

खरी मेख स्ट्रोकची. जुन्याचा ५१ मिमी, याचा ५७. सहा मिमी म्हणजे काय एवढं? तर या फ्रेमला शॉकअप १ मिमी दबला की चाक अडीच मिमी वर येतं. म्हणजे चाक १५ मिमी जास्त वर, टायर सीटच्या नळीला. बांधावरून उतरताना चाक असं अडकलं तर माणूस तोंडावरच पडणार. म्हणून जाणकार मेकॅनिककडून आत ६ मिमीचा स्पेसर टाकून स्ट्रोक कमी केला. मग हवा सोडून शॉकअप पूर्ण दाबला, टायर कुठं घासत नाही ना ते बघितलं, आणि मगच सायकल पुतण्याच्या हातात दिली.

हवेचा शॉकअप हवा न सोडता कधीच खोलू नका. मोटारसायकलच्या टायरात ३० च्या आसपास पीएसआय असतो, यात दीडशे-दोनशेही असतो. भाग उडून तोंडावर येतो.

आणि वेल्डिंग का नको? ॲल्युमिनियमच्या फ्रेमला कारखान्यात उष्णता देऊन ताकद आणलेली असते. गावात वेल्डिंग केलं की त्या जागची ताकद जाते. आज टिकलं तरी पुढं तडा जातो, तोही उतारावर, वजन पडल्यावर.

जुगाडाला माझा विरोध नाही, आपली शेती त्यावरच चालते. पण जुगाड स्वस्त, बदलता येईल अशा भागात करावा. बुश बिघडला तर दुसरा होतो. फ्रेम कापली की कापली.