सातू लावा म्हणणाऱ्यांनो, आधी ज्वारीचं बोला

हल्ली जो भेटेल तो सांगतो, सिंगल माल्ट व्हिस्कीला लई भाव हाय, आपण पण सातू लावू. सातू म्हणजे बार्ली, जव. दुकानातलं सातूचं पीठ नव्हे, त्यात बहुतेक डाळं अन् गहूच असतो.

मातीची चव दारूत उतरते, हे खरंच हाय. आयर्लंडच्या वॉटरफर्ड डिस्टिलरीच्या पुढाकारानं एक प्रयोग झाला. ऑलिंपस आणि लॉरेट हे दोन वाण २०१७ आणि २०१८ ला दोन वेगळ्या भागांत पेरले. निष्कर्ष २०२१ ला आले. पिंपात मुरवायच्या आधीची ताजी दारू तपासली, तरी चुनखडीच्या रानातली भाजल्या बदामासारखी अन् दुसऱ्या रानातली हलकी, फुलाफळाच्या वासाची निघाली. वाण तेच, रान वेगळं. मोसंबीवाल्यांना याचं नवल वाटायचं नाही.

पण त्यांनी एक काम केलं होतं: प्रत्येक शेतकऱ्याचा माल वेगळा साठवला, वेगळा गाळला. (एवढं करूनही २०२४ ला ती डिस्टिलरी कर्जापायी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. म्हणजे चव असली की पैसा येतोच, असं पण नाही.) आपल्या शेजारी गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन बनते. सातू उत्तर भारतातला, नाव झालं गोव्याचं. ज्याच्या रानात पिकला त्याचं गाव कुणाला ठाऊक?

आणि वडीगोद्रीत सातू? फेब्रुवारीतच ऊन तापतं, दाणा बारीक राहतो. माल्टला दाण्यात प्रथिनं साधारण ९ ते ११ टक्के लागतात. आपला युरियाचा हात सैल. प्रथिनं वाढली की माल गुरांच्या खाद्यात.

आपलं पीक दारूत आधीपासून जातंयच की! कालव्यावरच्या उसाची मळी होते, मळीचा स्पिरिट, त्यात रंग-वास घालून स्वस्तातली ‘व्हिस्की’. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. २००७ ला सरकारनं धान्यापासून दारूचं धोरण आणलं, तवा पावसात काळी पडलेली ज्वारी खपेल म्हणून सांगितलं. पण ९६ टक्क्यांपर्यंत गाळलं की चव उरतेच कुठं? ज्वारी अंबडची का सोलापूरची, काय बी कळत नाही. तिथं वजनाचा पैसा, रानाचा नाही.

जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ ला जीआय मिळालं. तरी आडतीवर ती हायब्रीडच्याच ढिगात पडते. कृषीवाले प्रात्यक्षिकात एकरी क्विंटल मोजतात, भाकरी कुणी खाऊन बघत नाही. वाण, गट नंबर, जमीन लिहून ढीग वेगळा ठेवायला नेमकं अडतंय कुठं, ते बाजार समितीवाल्यांनी अन् कृषी सहायकांनी सांगावं. सातूचं मग बघू.