नापास चाचणीला गप्प बसवू नका

१३ मे २००८ रोजी ‘डेबियन’ या मुक्त संगणकप्रणालीच्या संघटनेने एक जाहीर सूचना प्रसिद्ध केली. सप्टेंबर २००६ पासून या प्रणालीवर तयार झालेल्या सुरक्षा-किल्ल्या भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. त्या सर्व टाकून देऊन नव्याने तयार कराव्यात, असा त्या सूचनेचा आशय होता. दूरच्या संगणकात गुप्तपणे प्रवेश करण्यासाठी ज्या किल्ल्या वापरतात त्या वस्तुतः अतिशय मोठ्या, कोणालाही अंदाज बांधता येऊ नये अशा संख्या असतात. त्या संख्यांची अनिश्चितता हीच त्यांची सुरक्षितता. डेबियनमध्ये मात्र एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्लीसाठी एका जातीच्या यंत्रावर केवळ ३२,७६८ शक्यता उरल्या होत्या. एवढ्या शक्यता पडताळून पाहणे संगणकाला अजिबात जड नसते.

हा अनर्थ कसा घडला, हे पाहण्याजोगे आहे. ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीतील काही ओळींविषयी ‘वॅलग्रिंड’ नावाचे स्मृतीची तपासणी करणारे साधन तक्रार करीत होते. ती तक्रार थांबावी म्हणून २००६ मध्ये डेबियनच्या प्रतीतून दोन ओळी वगळण्यात आल्या. तक्रार थांबली. परंतु त्यांपैकी एका ओळीबरोबर अनिश्चिततेचा मुख्य झराच आटला. हे करणारा माणूस बेपर्वा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने मूळ लेखकांच्या चर्चेत विचारणा केली होती आणि तेथे कोणीही धोक्याचा इशारा दिला नाही. तपासणारे साधन शांत झाले, म्हणजे दोष दूर झाला, हे समीकरण सर्वांनीच गृहीत धरले.

हे समीकरण आजही गृहीत धरले जाते, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात त्याची किंमत पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

बांधणी आणि तपासणी

मुक्त सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांना खुली असते. ती कोणीही घ्यावी, आपल्या यंत्रावर तिची बांधणी करावी आणि वापरावी, अशी मुभा असते. परंतु यंत्रे एकसारखी नसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली डेबियनची तेरावी आवृत्ती सात जातींच्या प्रोसेसरांसाठी अधिकृतपणे तयार करण्यात आली. घरगुती संगणकापासून आयबीएमच्या महाकाय यंत्रांपर्यंत सर्वांचा त्यात समावेश आहे. एकाच संहितेतून इतक्या भिन्न यंत्रांसाठी आज्ञावली घडवायची, तर ती सर्वत्र सारखीच वागते याची खात्री कोणी द्यायची? ही खात्री देण्याचे काम चाचण्या करतात. आज्ञावलीबरोबर तिच्या लेखकांनी शेकडो, कधी हजारो लहान चाचण्या लिहून ठेवलेल्या असतात. अमुक संख्या दिली तर तमुक उत्तर आले पाहिजे, असे त्यांचे स्वरूप असते. बांधणी संपली की त्या चालवतात.

लेखकाच्या यंत्रावर सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात आणि दुसऱ्याच्या यंत्रावर त्यांतील तीन नापास होतात, हा या क्षेत्रातील नित्याचा अनुभव आहे. अशा वेळी बांधणी करणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. एक, त्या तीन चाचण्या वगळून काम पुढे रेटणे. त्याला एक मिनिट लागते. दुसरा, त्या का नापास झाल्या याचा शोध घेणे. त्याला एक तास लागेल किंवा एक आठवडा. पहिल्या मार्गावर एवढी वर्दळ का असते, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

गुन्हेगार तीन

नापास चाचणीमागे तीन प्रकारची कारणे संभवतात, आणि शोधाची पहिली पायरी म्हणजे त्यांचा भेद ओळखणे.

पहिले कारण, आज्ञावलीतच दोष आहे. सी भाषेत एक अक्षर साठविण्याचा जो लहानात लहान प्रकार आहे, तो इंटेल जातीच्या यंत्रांवर उणे संख्या धारण करू शकतो. एआरएम जातीच्या प्रोसेसरांवर लिनक्समध्ये तो सामान्यतः शून्य किंवा त्यापुढील संख्याच धारण करतो. फाईल संपल्याची खूण म्हणून आलेला उणे एक हा आकडा त्यात साठविणारी आज्ञावली इंटेलवर निमूट चालते आणि एआरएमवर फाईलचा शेवट तिला कधीच सापडत नाही. येथे दुसरे यंत्र चुकलेले नसते. पहिल्या यंत्राने झाकून ठेवलेली चूक त्याने उघडी केलेली असते.

दुसरे कारण, चाचणीच चुकीची लिहिली आहे. जुन्या ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांवर दशांश अपूर्णांकांची आकडेमोड बहुधा ८० बिटांच्या विस्तारित अचूकतेने होते, तर ६४ बिटांच्या यंत्रांवर ती ६४ बिटांतच होते. शेवटच्या स्थानाचा अंक त्यामुळे बदलतो. जी चाचणी दोन अपूर्णांक तंतोतंत समान असावेत असा आग्रह धरते, ती एका ठिकाणी उत्तीर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नापास होणारच. ‘जीसीसी’ या कंपायलरच्या दोषसूचीत ३२३ क्रमांकाची या विषयावरील तक्रार २००० सालापासून नोंदलेली आहे. येथे दुरुस्ती चाचणीची करावयाची: किती फरक क्षम्य आहे, हे तिला सांगावयाचे.

तिसरे कारण, भोवतालची परिस्थिती. भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. जगातील बहुतेक देशांत हा फरक पूर्ण तासांचा असतो. पूर्ण तास गृहीत धरून लिहिलेली चाचणी न्यूयॉर्कमध्ये उत्तीर्ण होईल आणि मुंबईत नापास. सर्वाधिकारी खात्यातून चाचणी चालविली, तर ‘परवानगी नाकारली’ हे अपेक्षित उत्तर येणारच नाही. कारण त्या खात्याला परवानगी सहसा कोणी नाकारीत नाही. नमुन्यादाखल ठेवलेल्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली, की काल उत्तीर्ण झालेली चाचणी आज नापास होते.

मराठीचा या प्रश्नाशी असलेला संबंध तर अगदी निकटचा आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठविता येतो: एकाच सांकेतिक क्रमांकाने, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. युनिकोडच्या नियमानुसार हे दोन्ही समान. डोळ्यांना त्यांत फरक दिसत नाही. लिनक्सवर फाईलचे नाव सामान्यतः जसे दिले तसेच राहते, तर अ‍ॅपलच्या जुन्या ‘एचएफएस प्लस’ या पद्धतीत ते फोडून दोन क्रमांकांत साठविले जाई. म्हणजे नाव तेच, फाईल तीच, पण ‘सापडत नाही’ असे उत्तर. तीच गोष्ट वर्णानुक्रमाची. मराठी वर्णमालेत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी येतात. हिंदी कोशांत ते ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या ‘ग्लिबसी’ या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत अनेक भाषांतील शब्दांचा क्रम बदलला, आणि ‘पोस्टग्रेस’सारख्या माहितीकोशांतील मजकुराच्या सूच्या नव्याने बांधाव्या लागल्या. अशा दोषांच्या चाचण्या ज्या भाषांतून लिहिल्याच जात नाहीत, त्या भाषांच्या वाचकांना दोष थेट वापरताना भेटतो.

शोधाची शिस्त

या तीन कारणांतील नेमके कोणते, हे ठरविण्याची पद्धत गूढ नाही. नोंदवहीतील शेवटची चूक न वाचता पहिली वाचावी. पुढच्या अनेक चुका तिची अपत्ये असतात. नापास चाचणी एकटीच चालवून पाहावी. ती दर वेळी नापास होते की अधूनमधून, हे पाहावे. अनेक चाचण्या एकाच वेळी चालविल्या की ती फसते आणि एकामागून एक चालविल्या की उत्तीर्ण होते, असे आढळले तर दोष परस्परांच्या वाटेत येण्याचा आहे. मग वेळ, भाषा, कंपायलर, लायब्ररी यांतील एक एक गोष्ट बदलावी. एका वेळी एकच. पूर्वी उत्तीर्ण होणारी चाचणी आज नापास होत असेल, तर मधल्या बदलांचे दोन भाग करीत जावे. हजार बदलांतील दोषी बदल अशा रीतीने सुमारे दहा फेऱ्यांत हाती लागतो. शेवटी जे आढळले ते यंत्राच्या आणि आवृत्त्यांच्या तपशिलासह मूळ लेखकांना कळवावे. शेवटची ही पायरी वगळली तर बाकीचे श्रम एकट्याच्या उपयोगाचे राहतात.

हिशेबनिसांना हे नवे वाटू नये. तेरीज जुळत नाही, तेव्हा फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून पुढे जाण्याची सोय हिशेबशास्त्राने दिलेली आहे. परंतु त्या खात्याला नाव असते, रक्कम असते, आणि ते रिकामे करण्याची जबाबदारी असते. फरकाइतकी खोटी नोंद करून तेरीज जुळवून देणाऱ्याला मात्र कोणी हिशेबनीस म्हणत नाही. चाचणी वगळण्यालाही हाच न्याय लावावा. एखाद्या जुन्या यंत्राचे वापरकर्ते थोडे आहेत, स्वयंसेवकांचे तास मोजके आहेत, म्हणून त्या यंत्राचा पाठिंबा सोडण्याचा अधिकार प्रकल्पाला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो निर्णय उघडपणे, कारणासह नोंदलेला असावा. ‘ही चाचणी या यंत्रावर अमुक कारणाने नापास होते’ ही नोंद प्रामाणिक आहे. चाचणी गुपचूप काढून टाकणे नव्हे.

किंमत कोणाच्या माथी?

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले: एखाद्या आकडेवारीचा नियंत्रणासाठी आधार घेतला, की तिच्यातील नियमितता ढासळू लागते. सर्व चाचण्या उत्तीर्ण असल्याची हिरवी खूण ही अशीच आकडेवारी आहे. ती गुणवत्तेची निशाणी होती. ती मिळविणे हेच उद्दिष्ट बनले, की गुणवत्ता आणि खूण यांची फारकत होते. त्यातून चाचणी वगळणाऱ्याचा वाचलेला तास त्याच्या पदरी पडतो आणि त्याची किंमत मात्र अनोळखी वापरकर्त्यांमध्ये विभागली जाते. कारखान्याच्या धुरासंबंधी अर्थशास्त्र जे सांगते, तेच येथेही लागू पडते.

या धुराकडे लक्ष देणारा एखादा असला तर काय होते, हे २०२४ मध्ये दिसले. ‘एक्सझेड’ या दाब-साठवणीच्या लहानशा आज्ञावलीत कोणी तरी चोरदरवाजा बसविला होता, आणि त्याचे विषारी अंश लपविले होते ते चाचण्यांसाठी ठेवलेल्या नमुना-फाईलींत! मुद्दाम बिघडवलेल्या नमुन्यांच्या आत कोण डोकावणार, हा हिशेब त्यामागे होता. पोस्टग्रेसचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनवर दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले; वॅलग्रिंडच्या काही विचित्र तक्रारीही त्यांच्या स्मरणात होत्या. त्यांनी दोन्हींचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व प्रकार जाहीर केला. हा दरवाजा तोवर प्रमुख प्रणालींच्या स्थिर आवृत्त्यांत पोचायचा होता. २००६ मध्ये ज्या साधनाची तक्रार बंद करण्यात आली, त्याच साधनाची तक्रार या वेळी ऐकून घेण्यात आली.

परंतु एका जागरूक व्यक्तीच्या चिकाटीवर साऱ्या जगाची सुरक्षितता अवलंबून ठेवणे, ही व्यवस्था नव्हे. मुक्त सॉफ्टवेअर ही सार्वजनिक वस्तू आहे: वापरणारे सर्व, निगा राखणारे थोडे. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभा केला. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, हे स्वागतार्ह होते. तथापि स्वीकारणे म्हणजे वाटा उचलणे नव्हे. जी कार्यालये परवान्याचा खर्च वाचवितात, त्यांनी त्या बचतीचा एक अंश देखभालीकडे वळविला पाहिजे.

महाविद्यालयांना तर यासाठी धोरणाची वाट पाहण्याचेही कारण नाही. पोस्टग्रेस प्रकल्पाच्या ‘बिल्ड फार्म’मध्ये २००४ पासून स्वयंसेवक आपापली यंत्रे देत आले आहेत, त्यांवर बांधणी आणि चाचण्या होऊन निकाल सर्वांना दिसतात. प्रयोगशाळेतील एखादा जुना संगणक अशा कामास देणे कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रात्यक्षिकाची रीत बदलणे. आज अपेक्षित उत्तर वहीत उतरले, की विद्यार्थ्याला गुण मिळतात. उत्तर वेगळे आले तर शेजाऱ्याच्या वहीतून योग्य उत्तर घेणे हाच शहाणपणा ठरतो. नापास झालेली एक चाचणी विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, कारण शोधण्यास पंधरा दिवस द्यावेत, आणि गुण उत्तराला न देता शोधाच्या नोंदींना द्यावेत. त्या नोंदींतील एक जरी मूळ लेखकांपर्यंत पोचली आणि तिची दुरुस्ती झाली, तर त्या वर्गाने सार्वजनिक वस्तूचा उपभोग घेताना तिच्या देखभालीतही वाटा उचलला असे म्हणता येईल.