किल्ली हातात देण्याआधी

बारावीचा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात कुवेतहून मुलांच्या मामूंचा फोन आला. "भाच्याला गाडी घ्यायची. पैशांची फिकीर तुम्ही करू नका. चांगली उंच, दणकट घ्या, मोहल्ल्यात उठून दिसली पाहिजे!" आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात हे नवे नाही. घरातले कोणी ना कोणी आखातात असते आणि वर्षानुवर्षे दूर राहिलेला माणूस आपली माया वस्तूंतूनच पाठवतो. मामूंच्या मायेबद्दल आम्हाला शंका नव्हती. तरी आम्ही दोघे गप्प झालो, कारण गेल्या रमजानमधली एक रात्र आम्हाला आठवली.

तेव्हा चिरंजीव सतरा वर्षांचे होते. तरावीहनंतर म्हणाले, "अब्बा, नाक्यापर्यंत जाऊन येतो." घरची जुनी गाडी, ओळखीचा रस्ता, सणाचे दिवस. आम्ही किल्ली दिली. गाडीत आणखी चार मित्र बसले. वळणावर खडी पसरलेली होती. गाडी घसरली आणि चिऱ्याच्या गडग्यावर जाऊन आदळली. अल्हम्दुलिल्लाह, कोणाला खरचटलेही नाही. दिवा आणि बंपर फुटला एवढेच. त्या रात्री आम्ही मुलाला खूप बोललो. सहेरीच्या वेळी त्याच्या अम्मीने शांतपणे विचारले, "किल्ली कोणी दिली होती?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

कायदाही नेमके हेच विचारतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला, हे सगळ्यांना आठवत असेल. आपल्या गल्लीत "आमचा पोरगा पंधराव्या वर्षीच गाडी चालवतो" असे कौतुकाने सांगणारे बाप आजही भेटतात. आम्हीही त्यांच्यातलेच होतो, म्हणून हे लिहीत आहोत.

यावेळी आम्ही मुलांना समोर बसवून मशवरा केला. चिरंजीवांनी मोबाइलवर काळ्या रंगाची मोठी एसयूव्ही दाखवली. तेवढ्यात थोरली लेक म्हणाली, "लायसन्स तर वर्षभरापासून माझ्याकडे आहे. बसची वाट बघत कॉलेजला मी जाते. मग गाडी फक्त भाच्यालाच का?" आम्हाला मान खाली घालावी लागली. ती एकोणीस वर्षांची, धाकटा नुकताच अठरा पूर्ण झालेला. गाडी दोघांची, असे तिथेच ठरले.

मग गाडी कशी घ्यायची? आम्ही एकच कसोटी लावली. नवशिक्या हातून चूक होणारच. त्या घडीला गाडी किती सांभाळून घेईल?

या कसोटीवर मोठे, ताकदवान इंजिन पहिल्यांदा बाद झाले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर साधारण चौपट होते. ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंत अख्खे अंगण ओलांडलेले असते. लहान, साधी, चारी बाजूंनी नीट दिसणारी पेट्रोल गाडी पहिल्या हाताला बरी. लेकीला सीटवर बसवून पाय क्लचपर्यंत पुरतो का, बॉनेटपुढचा रस्ता दिसतो का, हेही पाहिले.

दुसरी गोष्ट, फार जुनी गाडी नको. "शिकायचीच आहे, ठोकली तरी चालेल" म्हणून लोक पंधरा वर्षांची गाडी पोराला देतात. पत्रा ठोकला तर चालेल हो, पण आत लेकरू बसलेले असते. एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीचे झाले. ओल्या रस्त्यावर घाबरून जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होत नाहीत आणि स्टिअरिंग वळते. आमच्या घाटात, पावसाळ्यात याची किंमत कळते. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि बाजूच्या प्रवाशासाठी जानेवारी २०२२ पासून सक्तीची झाली. म्हणून २०२२ किंवा त्यानंतर बनलेलीच गाडी पाहायची, असा नियम आम्ही केला.

जुन्या बाजारात फिरताना दोन-तीन गोष्टी शिकलो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यानंतरही कोकणात पूर येतच राहिले. बुडालेली गाडी धुऊन पुसून विकायला येऊ शकते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा, आतल्या भागावर चिखलाचा डाग दिसतो. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, पायाखालच्या गालिच्याला कुबट वास येतो का, हे तपासावे. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मीटरवर किलोमीटर कमी आणि टायर जुने असतील तर जरा थांबून विचारावे. आपल्या विश्वासाचा मेकॅनिक बरोबर न्यावा. त्याला दिलेले पाचशे रुपये वाया जात नाहीत.

कागदही तितकेच महत्त्वाचे. नोंदणी कोणाच्या नावावर, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे एमपरिवहन अ‍ॅपवर पाहता येते. फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली म्हणजे गाडी आपली झाली, असे समजू नये. आरसी बुक आपल्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करावा आणि विमा कंपनीलाही चौदा दिवसांत कळवावे. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

शोरूमवाल्यांनी हप्त्यांची योजना समजावली होती. व्याजात पडायचे नाही, हे आमचे आधीच ठरलेले. मामूंना सांगितले, "तुम्ही म्हणता त्याच्या निम्म्यातही काम होते. त्यातही अर्धी रक्कम तोहफा म्हणून द्या, अर्धी कर्ज-ए-हसना." ते आधी रुसले, मग हसले. कर्ज लिहून ठेवावे ही तर कुरआनचीच ताकीद. तारीख, रक्कम, दोन साक्षीदार, सगळे कागदावर आणले. शिकवणीच्या पैशांतून लेक दर महिन्याला थोडे बाजूला टाकते, म्हणून गाडी तिला फुकटची वाटत नाही.

दुसरा कागद फ्रिजवर लावला आहे. पहिले सहा महिने रात्री नऊनंतर गाडी बाहेर नाही. हायवेवर आणि घाटात घरातले मोठे माणूस शेजारी हवे. एका वेळी एकच मित्र किंवा मैत्रीण. फोन डिकीत. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा जीव गेला, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. खाली मुलांच्या सह्या आहेत आणि आमच्याही, कारण हे नियम आम्हालाही लागू आहेत.

धाकट्याने आधी तोंड वाकडे केले. लर्निंग लायसन्स काढले, तीस दिवसांनी परीक्षा दिली आणि आता बाजीच्या शेजारी बसून तिच्या चुका मोजतो.

ईदला मामू आले. पांढरी, छोटीशी गाडी बघून म्हणाले, "एवढीशीच?" आणि ऐसपैस मागे बसले. लेकीने बिस्मिल्लाह म्हटले, किल्लीला हात लावला आणि थांबली.

"मामू, पट्टा."

"अगं, मशिदीपर्यंत तर जायचंय!"

"मग मशिदीपर्यंत लावा."

मामूंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही आपापले पट्टे दाखवले. त्यांनी पट्टा लावला, खटका वाजला, मग गाडी निघाली.