सही कापू नका, पत्र जपा!



मागच्या अंकात आपण काडेपेटीच्या छापांचा छंद पाहिला. या वेळचा छंद जरा मोठ्या माणसांचा आहे, पण सुरुवात तुमच्याच वयात करायला हवी. तो म्हणजे सह्या आणि सहीची पत्रं जमवणं.

‘त्यात काय एवढं? सही तर आमचे बाबाही प्रगतिपुस्तकावर करतात!’ असं म्हणाल. खरंय! आणि तशीच सही वहीच्या मागच्या पानावर गिरवून बघणारे बहाद्दरही तुमच्यात असतील. पण गिरवलेली सही वर्गशिक्षकांना लगेच कशी ओळखू येते, हे कधी लक्षात आलंय? थांबा, ते पुढे सांगतो.

हा छंद अमेरिकेत फार जुना आहे. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांनी सह्या केल्या. त्या सगळ्या ५६ जणांच्या सह्या मिळवायच्या, हे तिथल्या संग्राहकांचं मोठं स्वप्न. जॉर्ज वॉशिंग्टनची सही त्यात नाही बरं का, कारण तो तेव्हा सैन्याबरोबर होता. या ५६ जणांत सर्वांत दुर्मीळ सही कुणाची? जेफर्सनची? फ्रँकलिनची? छे! बटन ग्विनेट नावाच्या माणसाची. एरवी त्याचं नावही कुणाला आठवलं नसतं. पण जाहीरनाम्यावर सही केल्यावर वर्षाच्या आतच, १७७७ साली, तो द्वंद्वयुद्धात जखमी होऊन मेला. त्यामुळे त्याच्या सह्या उरल्या अगदी थोड्या आणि किंमत चढली आभाळाला!

आता अब्राहम लिंकनची गोष्ट ऐका. १८६० साली तो राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा होता. तेव्हा ११ वर्षांच्या ग्रेस बेडेल नावाच्या मुलीने त्याला पत्र लिहिलं. तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवलीत तर छान दिसाल, असा सल्ला तिने दिला! एवढ्या धामधुमीतही लिंकनने चारच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, तिला उत्तर पाठवलं. दाढीचं वचन काही दिलं नाही, पण पुढे दाढी ठेवली मात्र. १८६१ साली राजधानीकडे जाताना त्याची आगगाडी तिच्या गावाजवळ थांबली, तेव्हा त्याने तिला मुद्दाम बोलावून घेतलं आणि दाढी दाखवली.

त्याच लिंकनने १ जानेवारी १८६३ रोजी गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेवर सही केली. एरवी पत्रांवर तो बहुधा नुसतं ‘ए. लिंकन’ लिहायचा. त्या दिवशी त्याने पूर्ण नाव लिहिलं. नववर्षाच्या भेटीगाठींत शेकडो लोकांशी हस्तांदोलन करून त्याचा हात भरून आला होता. सही कापरी आली, तर ‘याचं मन डळमळलं’ असं लोक म्हणतील, अशी त्याला काळजी होती. म्हणून त्याने हात सावरून सही केली. पाहिलंत? एका सहीत किती गोष्टी दडलेल्या असतात!

पण या छंदात पूर्वी एक वाईट खोड होती. लोक पत्राच्या तळाची सही कात्रीने कापून वहीत चिकटवायचे आणि उरलेलं पत्र टाकून द्यायचे! गाभा फेकून साल जपावी, तसं झालं हे. सहीवरून माणसाचं नाव कळतं. तो कुणाशी, कशाबद्दल, कोणत्या दिवशी बोलत होता, हे मात्र पत्रच सांगतं. आज जाणकार लोक कापलेल्या सहीपेक्षा अख्ख्या पत्राला कितीतरी जास्त मान देतात.

जिथे किंमत आली, तिथे लबाडीही आली. १९व्या शतकात रॉबर्ट स्प्रिंग नावाचा एक इसम वॉशिंग्टनच्या खोट्या सह्या करून विकायचा. पुढे जोसेफ कोसी नावाच्या माणसाने लिंकनच्या सह्यांचा असाच धंदा मांडला. या नकली सह्या ओळखतात कशा? आपण आपली सही भरभर करतो, विचार करत बसत नाही. नकल करणारा मात्र सही ‘लिहीत’ नाही, ‘काढतो’. त्यामुळे रेघ अडखळते, थरथरते, मधेच पेन उचलल्याच्या खुणा दिसतात. प्रगतिपुस्तकाचं रहस्य कळलं ना? शिवाय कागद कोणत्या काळचा, शाई कोणती, हेही जाणकार तपासतात. छापील सही भिंगाखाली धरली, की बऱ्याचदा बारीक ठिपके दिसतात. आणि आता तर हुबेहूब सही करणारी यंत्रंही आहेत. २०११ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा परदेशात असताना त्यांनी एका कायद्यावर यंत्राकडूनच सही करवली होती!

आपल्याकडे पूर्वी काय होतं? मराठेशाहीत पत्र लिहायचा कारकून, आणि त्यावर उठायची मुद्रा. मजकूर संपला, की शेवटी मर्यादेचा छोटा शिक्का. म्हणजे त्याखाली कुणी लबाडीने एखादी ओळ घुसडायला नको! पुढे गांधीजींच्या काळात सहीची वही घेऊन मुलं पुढाऱ्यांमागे धावू लागली. गांधीजी मोठे हिशेबी! ते एका सहीचे ५ रुपये घ्यायचे आणि ते हरिजन फंडात जमा करायचे.

आपल्या माणसांची दोन मोलाची पत्रं आज चक्क अमेरिकेत आहेत. पहिलं आनंदीबाई जोशींचं. १८८३ साली, वयाच्या १८व्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपल्या देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी, म्हणून मला शिकायचंय, असं त्यांनी त्यात कळकळीने मांडलं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी वारल्या. माणूस २१व्या वर्षी गेलं, पण कॉलेजने पत्र जपलं. आज ते फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

दुसरं पत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना लिहिलं. तुमच्या लोकांची आणि आमच्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे, की तिचा अभ्यास करायलाच हवा, असं त्यात होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज ठेवल्याचं त्यांनी वाचलं होतं. त्याच्या प्रतीही त्यांनी मागितल्या. ३१ जुलैला ड्यू बॉईस यांनी आपुलकीचं उत्तर लिहिलं. ही दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. ड्यू बॉईस यांनी आलेलं पत्र फाडून टाकलं असतं तर? दोन खंडांतल्या दोन लढ्यांची ही भेट आपल्याला आज वाचता आली नसती.

आता आपल्या सोलापूरकडे वळू. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. १९३८ साली ते जखमी सैनिकांची सेवा करायला चीनला गेले. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी ते हातातलं काम टाकून परतले नाहीत. १९४२ साली, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच त्यांचा शेवट झाला. तेव्हा ना घरोघरी फोन, ना दुसरं काही. इतक्या दूरच्या माणसाला घराशी बांधणारा धागा एकच. पत्राचा!

असे धागे तुमच्याही घरात आहेत. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडून बघा. नाहीतर तारेला टोचलेली जुनी पत्रं शोधा. मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत. पूर्वभागातल्या घरांत तेलंगणातून आलेली तेलुगू पत्रं असतील. आजोबांच्या गिरणीचा पगार, आत्याचं लग्न, दुष्काळात पडलेला पाऊस, सगळं त्यांत सापडेल. पण खरी घाई पुढेच आहे. ती लिपी, ते अक्षर, ती माणसं ओळखणारी कदाचित एकटी आजीच उरली असेल. आजी आहे तोवर पत्रांना आवाज आहे. नंतर तोच कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जाईल, नाही का?

मग काय कराल?

१. आजीजवळ बसा. एकेक पत्र वाचून घ्या. कोण, कुणाला, कधी, हे वेगळ्या कागदावर लिहा. तारीख नसेल, तर टपालाचा शिक्का बघा.

२. पत्रावर पेनने काही लिहू नका. डिंक, चिकटपट्टी, लॅमिनेशन तर मुळीच नको.

३. तार, टाचणी अलगद काढा. त्यांचा गंज कागद खातो.

४. पत्र उलगडून स्वच्छ कागदाच्या पाकिटात ठेवा. सोलापूरचं ऊन शाई उडवतं आणि ओल लागली, की वाळवी येते. म्हणून जागा कोरडी, अंधारी हवी.

५. नवी सही हवी असेल, तर आवडत्या लेखकाला मनापासून पत्र लिहा. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवा. नुसती सही मागू नका, एक चांगला प्रश्न विचारा. म्हणजे उत्तरही पत्राचंच येईल!

आईबाबांनो, एक विनंती तुम्हांलाही. दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक मुलांना विचारल्याशिवाय रिकामी करू नका.

आणि दोस्तांनो, या रविवारी तुम्हीही एक पत्र लिहा. मामाला, गावच्या काकांना, कुणालाही. खाली तारीख घाला, झोकात सही करा. पन्नास वर्षांनी ते कुणाच्या ट्रंकेत सापडेल, काय सांगावं!