डाव कोणाचा?

म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे कावेरी आणि कपिला यांचा संगम होतो. संगमापुढील पाणी कोणत्या नदीचे, हे कोणालाच सांगता येत नाही. बुद्धिबळाचा डावही असाच दोघांच्या बुद्धीतून घडतो. मग त्याच्या नोंदीवर हक्क कोणाचा?

स्पर्धेत प्रत्येक खेळाडू स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या खेळी लिहून ठेवतो. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार हा नोंदीचा कागद आयोजकांच्या मालकीचा असतो. परंतु कागदाची मालकी म्हणजे खेळींची मालकी नव्हे. २०१६ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्लसन व कार्याकिन यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. तिच्या खेळी इतर संकेतस्थळांनी त्याच वेळी प्रसिद्ध करू नयेत, ही आयोजकांची मागणी तेथील न्यायालयाने फेटाळली. खेळी ही घडलेली घटना आहे. घटनेवर कोणाची मक्तेदारी नसते.

आयोजक सभागृह, पंच व बक्षिसे यांवर मोठा खर्च करतात, हे खरे. चित्रण आणि समालोचन यांचे मोल त्यांना मिळायलाच हवे. डावावरील विवेचनही त्याच्या लेखकाचेच असते. खेळी मात्र सर्वांच्या आहेत.

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. तिचे डाव खेड्यातील मुलगीही आपल्या पटावर मांडून पाहू शकते. प्रशिक्षक न परवडणाऱ्यांना जुने डाव हेच गुरू असतात. नोंदींना कुलूप लागले, तर सर्वांत आधी त्यांचीच शाळा बंद होईल.