अ‍ॅपची रंगीत तालीम

दोस्तांनो, स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी आपण रंगीत तालीम करतो की नाही? पोशाख खरे, दिवे खरे, पडदाही खरा. प्रेक्षक मात्र मोजकेच. शिपाईमामा, दोन-तीन बाई आणि तास बुडवून आलेली पाचवीतली चार पोरं. नेमकं तेव्हाच कळतं, की महाराजांच्या मिशा घामानं सुटताहेत आणि पडदा अर्ध्यावर अडकतोय. बरं झालं आज कळलं, असं म्हणून आपण डिंक आणायला पळतो.

मोबाइलवरच्या अ‍ॅपचीही अशीच रंगीत तालीम असते. तिला म्हणतात बीटा चाचणी. अल्फा आणि बीटा ही ग्रीक मुळाक्षरातली पहिली दोन अक्षरं. अल्फा म्हणजे बनवणाऱ्यांनी घरातल्या घरात केलेली तपासणी, बीटा म्हणजे बाहेरच्या थोड्या लोकांना बोलावून केलेली.

हा विषय आज काढायला कारण घडलं ते आमच्या सहावीतल्या एका मुलामुळे. त्याची आई बचत गटाचा हिशेब ठेवते, आणि तोही मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये. या पठ्ठ्यानं प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचं पान उघडलं, खाली सरकवत गेला, तर तिथे ‘जॉइन द बीटा’ असा चौकोन! नवीन सोयी सगळ्यांच्या आधी मिळणार म्हटल्यावर कोण थांबतंय? दाबलं बटण. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडलं की मिटायला लागलं. घाबरून त्यानं बीटामधून नाव काढून घेतलं. पण नाव काढल्यानं फोनमधलं कच्चं अ‍ॅप आपोआप पक्कं होत नाही. ते काढून टाकून नेहमीचं पुन्हा घ्यावं लागतं. त्यानं तेही केलं. आणि अकरा बायकांचा तीन महिन्यांचा हिशेब गेला! कारण तो फक्त त्या फोनमध्येच होता, बॅकअप कुठेच नव्हता.

आई ओरडली नाही. रात्री सगळ्यांची पासबुकं मागवून घेतली आणि शंभर पानी वहीत पहिल्यापासून लिहायला बसली. मुलाला त्याचंच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला तो रडकुंडीला येऊन. “बाई, त्यांनीच तर या म्हणून बोलावलं होतं!”

बोलावलं होतं खरं. पण रंगीत तालमीला बोलावलं होतं. बीटा अ‍ॅप मध्येच बंद पडू शकतं, आणि आपल्या वापराची काही माहिती बनवणाऱ्याकडे जाते, हे आधी सांगितलेलं असतं. आपण ते वाचत नाही. (प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना तरी आपण कुठे वाचतो म्हणा!)

आता कोणी म्हणेल, मग या भानगडीत पडायचंच कशाला? तर असं नाही. जीमेल आज सगळ्यांना ठाऊक आहे. ते १ एप्रिल २००४ रोजी बीटा म्हणूनच आलं, तेही आमंत्रण असेल त्यालाच, आणि ती बीटाची पाटी निघाली जुलै २००९ मध्ये. पाच वर्षं तालीम! आयफोनवर ‘टेस्टफ्लाइट’ नावाच्या अ‍ॅपमधून हे चालतं. तिथे एका अ‍ॅपला बाहेरचे १०,००० पर्यंत परीक्षक घेता येतात, आणि प्रत्येक कच्ची आवृत्ती ९० दिवसांनी चालेनाशी होते. प्रसिद्ध अ‍ॅपच्या बीटामध्ये तर शिरकावच मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या बीटाचं पान उघडलं, की बहुतेक वेळा जागा भरल्याची पाटी दिसते.

पण मला महत्त्वाचे वाटतात ते छोटे लोक. समजा, एखादी कॉलेजातली मुलगी एकटीनं अ‍ॅप बनवतेय. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी वैयक्तिक खातं उघडलं, त्यांच्यासाठी गूगलनं नियम केला, की प्ले स्टोअरवर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी ठराविक परीक्षकांनी सलग १४ दिवस चाचणीत राहिलं पाहिजे. आधी हा आकडा २० होता, तो पुढे १२ झाला. म्हणजे बारा माणसं मिळाली नाहीत तर तिचं अ‍ॅप दारातच अडकलं! असा बारावा माणूस होणं हे काही लहान काम नाही.

काम म्हटलं की ते नीट करायला हवं. “अ‍ॅप चालत नाही” एवढंच लिहून पाठवणं म्हणजे “गणित येत नाही” म्हणण्यासारखं. कुठलं गणित, कितवी पायरी, ते सांगाल तर बाई काहीतरी करतील ना? फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, आधी काय दाबलं, मग काय दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे क्रमानं लिहायचं. पुन्हा करून पाहिल्यावरही तसंच होतं का, तेही लिहायचं. सोबत स्क्रीनशॉट. प्ले स्टोअरवर बीटावाल्यांचा अभिप्राय फक्त बनवणाऱ्यालाच दिसतो, चारचौघांत नाही. तेव्हा शुद्धलेखनाची भीती नको, पण तिखट-मीठही लावू नका.

आई-बाबांसाठी दोन शब्द. बँकेचे व्यवहार ज्या फोनवर होतात, त्यावर हे प्रयोग नकोतच. घरात जुना फोन पडला असेल तर तो द्या, आणि खातं उघडताना शेजारी बसा. आपल्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं मूल असेल, तर त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, असं म्हटलं आहे. आणि कुणी अनोळखी माणसानं ‘बीटा आहे, पैसे मिळतील’ म्हणत लिंक पाठवली, तर ती उघडू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं असाच इशारा दिला होता. चोरांनी खोटी बीटा अ‍ॅप्स बनवून लोकांचे पैसे लुबाडले होते. खऱ्या चाचणीसाठी आपला ओटीपी कुणाला सांगावा लागत नाही, आणि परीक्षक होण्याचे पैसेही सहसा कुणी मागत नाही.

आमचा पठ्ठ्या महिनाभर गप्प होता. मग वडिलांच्या जुन्या फोनवर त्यानं एका मराठी कीबोर्डच्या बीटात नाव घातलं, या वेळी विचारून. आठवड्यानं त्याला एक चूक सापडली. ‘डोंगराच्या दऱ्या’ लिहिलं, की कीबोर्ड आपणहून ‘दर्या’ करायचा. डोंगरात समुद्र! आणखी शोधलं तर ‘आचाऱ्यांना जेवायला वाढा’चं ‘आचार्यांना’ होत होतं. स्वयंपाकी उपाशीच! मराठी न येणाऱ्याला हे कधी सापडलं असतं का? त्यानं दोन्ही वाक्यं पाठवली, स्क्रीनशॉटसकट. चार ओळींचं उत्तर आलं, की पुढच्या आवृत्तीत बघतो. तेव्हापासून प्रत्येक अपडेट आलं की तो आधी ‘दऱ्या’ लिहून बघतो. अजून समुद्रच येतोय.

आईचा हिशेब अजून वहीतच आहे.

तुमच्या घरच्या फोनवर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही लिहून पाहा, आणि काय उमटतं ते या सदराच्या पत्त्यावर कळवा. फोन कुठला, काय दाबलं, सगळं क्रमानं हं!